कर्णिक मॅडमनी राखलेली चार पानं

कर्णिक मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळच्या कॉलेजात तास संपवून नुकती स्टाफरूममध्ये आले होते. फोन त्यांच्या धाकट्या बहिणीचा, सुलभाताईंचा. "झोपेतच गेली गं," एवढंच त्या म्हणाल्या. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. आठवला तो मॅडमचा ईमेल, ज्याला मी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं...

एम.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा घोडपदेवच्या चाळीतून आलेली मी वर्गात तोंड उघडत नसे. मॅडम गिरगावातल्या, इंग्रजी पुस्तकांत वाढलेल्या घरातल्या. विद्यार्थ्यांच्या लेखांचं एक वार्षिक त्या काढायच्या. पीएच.डी.ला जायचं तर छापलेला लेख हाताशी हवा, म्हणून आम्ही सगळे त्यांच्या मागे असायचो. मी एका इंग्रजी कादंबरीतल्या मोलकरणीवर लिहिलं. माझी आई प्रभादेवीला चार घरची कामं करायची. कादंबरीत त्या बाईच्या वाट्याला आलेली दोन-तीन वाक्यं मला टोचली होती. माझं इंग्रजी आखूड, अडखळतं. पण म्हणायचं ते त्यात होतं. "मुद्दा मोठा आहे तुझा. जरा भाषेला हात लावते," मॅडम म्हणाल्या. अंक आला तेव्हा लेखावर नाव माझं होतं आणि खाली एकेक वाक्य चार-चार ओळींचं. "तुझा नाव खंय आसा?" आईने विचारलं आणि मी दाखवलं तिथे बोट फिरवत राहिली. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

पीएच.डी.च्या मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी त्यातलंच एक वाक्य वाचलं आणि अर्थ विचारला. मला सांगता येईना. घाबरून बोलून गेले, "सर, हे वाक्य माझं नाही." त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. यादीत माझं नाव नव्हतं. मी तडक गिरगाव गाठलं. "अगं, मी फक्त भाषा सुधारली," मॅडम म्हणाल्या. "मॅडम, तीच तर माझी होती." त्या चष्मा पुसत राहिल्या... मी चहा न घेता उठले. पुढे दुसरीकडे प्रवेश मिळाला, नोकरी लागली, सहा वर्षं गेली. त्या घरी मात्र मी गेले नाही.

मग तो ईमेल आला. 'तुझा पहिला खर्डा पाठव. यंदा जसाच्या तसा छापते, सोबत माझी चूकही लिहिते.' वाचून वाटलं, आता त्यांना थोडं ताटकळू दे.

तेराव्यानंतर सुलभाताईंनी बोलावलं. अंक छपाईला निघाला होता. त्यात चार पानं कोरी, वर माझं नाव. "ती पाठवेल, असं ताई सांगून गेलीय. प्रेसवाले थांबलेत." पण आमची चाळ पाडली तेव्हाच माझ्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. म्हटलं, आठवून लिहू. मॅडमच्या टेबलाशी तासभर बसले. आखूड वाक्य काही येईना. सुरू केलं की लांबत जायचं, आपोआप बिनचूक व्हायचं. कसाबसा एक परिच्छेद झाला. सुलभाताईंनी तो हातात घेतला, वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, ही तर ताईच बोलतेय."

मी कागद परत मागून घेतला आणि पानं कोरीच जाऊ द्या म्हणाले.