दहा इंचांचा उंचवटा

हिवरखेडच्या आमच्या शाळेने बेसबॉल या क्रीडेत यश मिळवले, तेव्हा त्या यशाचे जनक कोण याविषयी गावात अल्पावधीत सात मते निर्माण झाली. त्या सातांत पुंजाजी वाकोडे यांचे नाव नव्हते. पुंजाजी शाळेचे शिपाई. घंटा वाजवणे, पाण्याची टाकी भरणे आणि फळे पुसणे ही त्यांची नित्यकर्मे. तारुण्यात मात्र पंचक्रोशीत त्यांची ख्याती होती ती खळे करणारा म्हणून. मळणीयंत्र येण्यापूर्वी ज्वारीची रास ज्या भूमीवर पडे, ती भूमी सिद्ध करणे ही एक विद्या होती. माती भिजवायची, तीत भुसा मिसळायचा, चोपण्याने ती ठोकायची, शेणाने सारवायची आणि सुकताना तिला भेग पडू द्यायची नाही. यंत्र आले आणि विद्या निराश्रित झाली. पुंजाजींचा चोपणा शाळेच्या अडगळीच्या खोलीत जाऊन पडला.

गतवर्षी विभागीय स्पर्धेत सतरा वर्षांखालील आमचा संघ पहिल्याच सामन्यात पराभूत झाला. चेंडू फेकणारा खेळाडू, ज्याला पिचर म्हणतात, तो उसामा. त्याचा हात वेगवान. पण त्या सामन्यात त्याचा प्रत्येक चेंडू फलंदाजाच्या पायाशी लोळण घेत होता. क्रीडाशिक्षिका दीपमाला तायडे मॅडम यांनी कारण शोधले. स्पर्धेच्या मैदानावर पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो. आमच्या मैदानावर तसा उंचवटाच नव्हता. सपाटीवर शिकलेला हात उतारावर गोंधळला होता. उंचवटा दहा इंचांचा, पुढे एकेका फुटाला एकेक इंच उतरत जाणारा, आणि फलंदाजाच्या जागेपासून साडेसाठ फुटांवर हवा. मॅडमनी हे गवंड्याला सांगितले, तर त्याने सिमेंट सुचवले. पुंजाजी तिथेच झाडू घेऊन उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, हे तं ज्वारीचं खयंच होय. फक्त वर उचललेलं."

मग चोपणा बाहेर निघाला. आठ दिवस पुंजाजींनी काळी माती आणि मुरूम यांचे प्रमाण बदलून पाहिले. सायंकाळी ते त्या उंचवट्यावर ओले पोते पांघरत, सकाळी काढत. उसामाच्या पायाने खड्डा पडला की सराव संपताच तो बुजवत आणि पुन्हा ठोकत. एकदा उसामाने विचारले, की चाचा, एवढ्या मातीची एवढी सेवा काहून? पुंजाजींनी त्याला बूट झटकून मग वर चढायला सांगितले.

यंदा अकोल्यात झालेल्या स्पर्धेत आमच्या संघाला विभागीय अजिंक्यपद मिळाले. अंतिम सामन्याच्या शेवटच्या डावात उसामाने लागोपाठ तिघांना बाद केले. गावात फटाके वाजले. चौकात एक फ्लेक्स लागला. त्यावर एकोणीस मान्यवरांची मुखकमले होती आणि तळाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या आकारात, संघ.

राज्यस्पर्धा तीन आठवड्यांवर अमरावतीला होती. एखाद्या संघाने अशा वेळी सराव करावा असे अन्य प्रांतांत समजतात. आमच्याकडे सत्कार-समिती स्थापन होते. समितीचे अध्यक्ष देवीदासभाऊ हे मनाने अत्यंत उदार गृहस्थ. खेळाडूंच्या गौरवार्थ मैदानावर कायमस्वरूपी व्यासपीठ बांधावे, असा ठराव त्यांनी मांडला आणि तो एकमताने संमत झाला. जागा निवडायला समिती मैदानात आली. चौफेर सपाट मैदान, आणि मध्ये कोणा पुण्यवंताने आयताच उंच करून ठेवलेला ठोस ओटा. भराव टाकण्याचे श्रम वाचले, म्हणून समितीला परमसंतोष झाला. आमच्या भागात उंच जागा दिसली की ती भाषणासाठीच आहे, याविषयी कुणाला शंका येत नाही. चुन्याच्या रेघा आखल्या गेल्या. सोमवारी काँक्रीट पडायचे होते.

मॅडम धावत आल्या. त्यांनी नियमपुस्तिका दाखवली, अंतरे सांगितली, हा उंचवटा गेला तर तीन आठवड्यांत दुसरा पक्का होणार नाही आणि अमरावतीला गतवर्षीचीच गत होईल, हेही सांगितले. देवीदासभाऊंनी सर्व शांतपणे ऐकले.

"मॅडम, पोट्टे कुठूनही फेकतीन," ते म्हणाले. "पावने काही कुठूनही बोलत नाही."

मॅडमनी मुख्याध्यापकांकडे पाहिले. मुख्याध्यापकांनी आकाशाकडे पाहिले. सत्कार-समितीत त्यांचे नाव होते.

शिपायाने समितीशी वाद घालावा अशी व्यवस्था कुठल्याही शास्त्रात नाही, हे तीस वर्षांच्या सेवेने पुंजाजींना शिकवले होते. पण दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता ते बाजारपेठेतून शाहनवाजला कॅमेऱ्यासह घेऊन आले. शाहनवाज हा गावातील सर्व सत्कारांचा छायाचित्रकार. देवीदासभाऊंनाही निरोप गेला होता.

"भाऊ, ओटा इथंच बांधा," पुंजाजी म्हणाले. "फक्त एक डाव वर उभं राहून फोटो काढून पाहा. सत्कार याच टायमाले हाय ना?"

छायाचित्राला नकार देणे भाऊंच्या स्वभावात नाही. पुंजाजींनी त्यांना, आयुष्यात प्रथमच कुणाला, न झटकलेल्या पायताणांसह त्या उंचवट्यावर चढू दिले. भाऊंनी जाकिटाची कॉलर नीट केली आणि जिथे श्रोते बसायचे त्या पूर्वेच्या फाटकाकडे तोंड केले. मार्गशीर्षाचा कलता सूर्य त्यांच्या पाठीमागे होता. शाहनवाजने फोटो काढला आणि कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला.

भाऊंनी कॅमेरा डोळ्यांजवळ ओढला. "हा काया कोन होय?"

"तुमीच होय, भाऊ," शाहनवाज अदबीने म्हणाला. "पावन्यायचंही असंच येईन. सूरज पीछे है ना."

तोंड पश्चिमेला वळवावे, तर श्रोत्यांच्या मागे शाळेचे लघुशंकागृह येत होते आणि वारा तिकडूनच वाहत होता. नियमपुस्तिकेने जे साधले नव्हते ते एका सावळ्या छायाचित्राने क्षणार्धात साधले. समितीची तातडीची सभा झाली. व्यासपीठ शाळेच्या भिंतीला लागून उत्तराभिमुख असावे, असा दुरुस्त ठराव झाला आणि त्यात 'खेळाडूंच्या हितार्थ' हे शब्द घालण्यात आले. पुंजाजींनी त्या संध्याकाळी भाऊंच्या पायताणांचे ठसे बुजवून पोते पांघरले.

अमरावतीला उसामाचा हात एकदाही गोंधळला नाही. संघ राज्यविजेता झाला.

सत्काराच्या दिवशी नव्या व्यासपीठावर सव्वीस खुर्च्या होत्या. संघ खाली सतरंजीवर बसला होता. मुख्य पाहुणे दीड तास उशिरा आले आणि त्यांच्यामागून नऊ गाड्या फाटकातून मैदानात शिरल्या. गाड्या कुठे लावाव्यात याचा विचार समितीने केला नव्हता.

शिपाई पुंजाजी वाकोडे यांनी शाल स्वीकारण्यासाठी यावे, असे ध्वनिक्षेपकावरून तीनदा पुकारले गेले. यादीत हे नाव मॅडमनी हट्टाने घातले होते. कोणी आले नाही, तेव्हा त्यांच्या वतीने समितीच्या कोषाध्यक्षांनी ती स्वीकारली. मॅडम शोधत मैदानाच्या मध्यावर आल्या. पुंजाजी उंचवट्याच्या कडेला हात पसरून उभे होते, आणि एक पांढरी गाडी त्यांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबली होती. चालकाने काच खाली करून विचारले, की बाबा, इथे काय आहे एवढे?

"माती हाय," पुंजाजी म्हणाले. "गाडी तिकडून घ्या."

व्यासपीठावर मुख्य पाहुणे या गावाच्या मातीला वंदन करीत होते. चालकाने गाडी मागे घेतली. मॅडमही मग परत गेल्या नाहीत. उंचवट्याच्या दुसऱ्या कडेला उभ्या राहिल्या, कारण अजून आठ गाड्या वळायच्या होत्या.