घासून काढलेला निळा रंग

१२ डिसेंबर, गुरुवार. शेडमध्ये हजर: मी, आमचे हे, धाकटे भाऊजी आणि मढचे एक टेम्पोवाले.

बोरी बुद्रुकला रस्त्यालगत आमची गाड्या रंगवायची शेड. सकाळी तिथं ऊन तिरपं येतं. रंग मारला की त्याचे कण उन्हात तरंगत राहतात आणि माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसतात. त्या दिवशी मात्र हवेत निळी धूळ होती. हे पॉलिश पेपरनं टेम्पोचा दरवाजा घासत होते, सावकाश, लाडानं. निळ्याखालून जुना पिवळा वर येत होता.

तो निळा ह्यांनीच आदल्या दुपारी मारून पुरा केला होता. माझ्या वहीत तशी नोंद होती.

"आवं भाऊ, काल निळा व्हता की माझा टेम्पो!" टेम्पोवाले दारातच थांबले. "आज काय हळद लावली व्हय त्याला?"

भाऊजी हसले. हेही हसले. "जुना रंग काढल्याबिगर नवा धरंल का, पावणं?"

मला हसू आलं नाही. वर्षभर वहीत मी ह्यांच्या विसरण्याचं एक पान वेगळं ठेवलं होतं. गॅस चालू राहिला. नारायणगावहून येताना भलत्याच फाट्याला वळले. भाचीचं नाव आठवेना. ते पान घेऊन आम्ही पुण्याला डॉक्टरांकडे गेलो.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रंग पातळ करायच्या थिनरमध्ये काम किती वर्षं? चोवीस. तोंडाला काय बांधता? रुमाल.

"रुमालानं वाफ अडत नाही," त्या म्हणाल्या. "ती मेंदूपर्यंत पोचलीय. गेलं ते सगळं परत येईलच असं नाही. पण आता थांबलात, तर बहुतेक पुढं वाढणार नाही."

परतताना एसटीच्या खिडकीला डोकं टेकून हे म्हणाले, "लई गोड वास असतो गं त्याचा. ढगात बसल्यावानी वाटतं."

घरी येऊन मी कामं वाटली. टेम्पो भाऊजींनी पुन्हा निळा केला. त्यांच्यासाठी वाफ अडवणारा मास्क आणला. थिनरचे डबे ह्यांच्यापासून लांब, मागच्या खोलीत हलवले.

आता हे रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसतात. जाणाऱ्या गाडीच्या रंगात पांढरा किती, हे अजून बिनचूक सांगतात. आणि रोज सकाळी विचारतात, "माझी रंगाची गन कुठं ठेवलीस?"

"धुवायला टाकलीय," मी म्हणते. त्यांना ते पटतं.

वहीतली बाकी कामं खोडून झाली. गन आता भाऊजी चालवणार, असं ह्यांना समोर बसवून सांगायचं तेवढं राहिलंय.