लुमीर व्होंड्राच्या घरातली जमीन

हॅवलिक गावाच्या पायाखाली जेवढं म्हणून लाकूड होतं, ते बहुतेक लुमीर व्होंड्राने घातलेलं होतं. शाळेची व्यायामशाळा त्याची, चर्चमागचं नाचघर त्याचं, आणि घरांची तर गणतीच नको. नेब्रास्काच्या त्या भागात कुणी घर बांधायला काढलं की छप्पर चढायच्या आधीच फोन जायचा : लुमीर कधी मोकळा आहे?

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. लग्न होऊन आर्लिस त्या घरात आली तेव्हा आधीच्या मालकाने भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेला तपकिरी गालिचा होता, तोच पुढे राहिला. लुमीरने चांगल्यातलं चांगलं तांबडं ओकचं लाकूड निवडून गॅरेजात रचून ठेवलं होतं. "यंदाच्या हिवाळ्यात आपली लाकडी जमीन घालू," असं तो दर वर्षी म्हणायचा. हिवाळा आला की कुणाचं तरी काम यायचं. आर्लिसने टोमणे मारून पाहिले, मग टोमणेही सोडून दिले. त्या गालिच्यावर त्यांची मुलगी जनेल रांगली, चालली, मोठी होऊन डेन्व्हरला निघून गेली.

मग लुमीर विसरायला लागला. आधी मापं चुकली. चाळीस वर्षं ज्याने फूटपट्टीशिवाय डोळ्याने फळी तोडली, तो एकाच खोलीचं माप पुन्हा पुन्हा घेत उभा राहायला लागला. मग रस्ते गेले, मग माणसांची नावं. शेवटी अशी वेळ आली की बाथरूम कुठे ते त्याला सापडेना आणि बैठकीच्या खोलीतला कोपराच त्याला बाथरूम वाटायला लागला. आर्लिस गुडघ्यांवर बसून गालिचा घासायची. साबण झाला, व्हिनेगर झालं, दुकानातली सगळी औषधं झाली. वास काही हटेना.

घरी तपासायला येणारी नर्स म्हणाली, "हा गालिचा आता काढाच. खाली पुसता येईल अशी जमीन करून घ्या."

जनेल फोनवर म्हणाली, "आई, माणूस लाव. हे तुझं काम नाही."

"माणूस म्हणजे कोण? ड्वेन?"

"ड्वेन तर ड्वेन. गावात दुसरा आहे कोण?"

ड्वेन पोस्पिशिल पोरवयात लुमीरच्या हाताखाली लागला होता. लुमीरने त्याला हातोडा धरण्यापासून सगळं शिकवलं. पुढे ड्वेनने आपला वेगळा धंदा काढला आणि जाताना लुमीरची अर्धी गिऱ्हाइकं घेऊन गेला. त्यानंतर लुमीर त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. चर्चमध्ये ड्वेन या बाजूला बसला तर हा त्या बाजूला. "माझ्या घरात परक्या माणसाचा खिळा लागणार नाही," हे त्याचं वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं.

जनेलनेच परस्पर ड्वेनला कळवलं असावं, कारण शनिवारी तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. लुमीर खुर्चीतून उठला, दाराशी गेला आणि हसून म्हणाला, "या की, आत या. बाहेर वारा फार आहे. कॉफी घेणार?"

ड्वेन आर्लिसकडे बघत राहिला. तिने नजर फिरवली. माणसं विसरला, ते एक वेळ समजू शकत होती ती. पण हा एवढा जपून ठेवलेला रागही गेला, म्हणजे आत आता शिल्लक तरी काय राहिलं?

"मी करून देतो," ड्वेन हळू आवाजात म्हणाला. "मला काही नको. त्यांचं देणं लागतो मी."

"तुला तुझ्या मनाचं ओझं उतरवायचंय," आर्लिस म्हणाली. "त्यासाठी माझं घर कशाला?"

"आर्लिस, ओक घालणं म्हणजे चिकटपट्टी लावणं नव्हे. एक ओळ वाकडी गेली की शेवटपर्यंत वाकडी जाते. तुम्ही कधी फळी मारलीत?"

"चाळीस वर्षं मारणाऱ्याबरोबर राहिलेय ना. मी करेन. तो सांगेल, मी करेन."

ड्वेन कॉफी पिऊन, लुमीरशी हात मिळवून निघून गेला.

आर्लिसच्या मनात वेगळंच होतं. डॉक्टर म्हणाले होते, हाताला सवयीचं काम द्या, हात उशिरा विसरतात. तिला वाटलं, वासाचा गालिचा जाईल, आणि त्याच निमित्ताने नवरा थोडा परत येईल. शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. दोघांचा दवाखान्याचा विमा त्या नोकरीवर होता, म्हणून सुटत नव्हती. शाळेला वसंताची सुट्टी लागली तशी तिने सुरुवात केली.

गालिचा फाडून, गुंडाळ्या करून बाहेर नेला. लुमीर खुर्चीत बसून बघत होता. खालचं प्लायवुड उघडं पडलं, त्यावर आर्लिसने ओकच्या फळ्या आणून ठेवल्या, आणि तो उठला. कुणी काही न सांगता गुडघ्यांवर बसला. एक फळी उचलली, उलटी केली, कडेवरून बोट फिरवलं, बाजूला ठेवली. दुसरी उचलली.

"ही आधी," तो म्हणाला. "सरळ आहे ही. पहिली ओळ सरळ पाहिजे."

कित्येक महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता.

"भिंतीला चिकटवू नका. बोटभर सोडा. लाकूड उन्हाळ्यात फुगतं, त्याला जागा लागते."

तो फळी लावायचा, फळीच्या कडेची जीभ शेजारच्या फळीच्या खोबणीत बसली की हातोड्याने हलकी टिचकी द्यायचा, आणि ती खिळे मारायचं यंत्र फळीवर धरून घाव घालायची. तिचा घाव तिरका बसला की तो नुसता "अं हं" म्हणायचा. दुपारच्याला खिडकीपासून भिंतीतल्या शेकोटीपर्यंत ओळी आल्या. उन्हात लाकूड भाजलेल्या पावासारखं दिसत होतं. आर्लिसची पाठ मोडून आली होती, पण ती सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट फोडून त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिला वाटलं, हे असंच पाच-सहा वर्षं चाललं तरी चालेल.

लुमीर तिच्या हातांकडे बघत होता.

"हात चांगला आहे तुमचा," तो म्हणाला. "नवीन आहात ना? शिकाल. घरी कुणी आहे का या धंद्यात?"

आयुष्यभर 'अगं' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडचा तो 'तुम्ही' तिच्या कानाला लागला.

"नवरा होता," ती म्हणाली.

"मग बरोबर," लुमीर म्हणाला, आणि बिया सोलायला लागला.

सुट्टी संपेपर्यंत बैठकीची खोली पुरी झाली. ड्वेनने घातली असती तशी काही नव्हती. शेकोटीपाशी दोन फटी राहिल्या होत्या, एक ओळ दाराकडे जाताना किंचित पळाली होती. पण पुसता येत होती. सोमवारी आर्लिस कामावर गेली. शेजारची बर्निस दुपारी येऊन लुमीरला सूप देऊन, टीव्ही लावून गेली.

संध्याकाळी आर्लिसने दार उघडलं तर खोलीत जमीन नव्हती. अर्ध्याहून जास्त फळ्या उपटलेल्या होत्या. उपटलेल्या म्हणजे कशाही नव्हेत, एकीवर एक, कडेला कड लावून भिंतीशी रचलेल्या. खिळे काढून कॉफीच्या डब्यात भरलेले. लुमीर कटावणी मांडीवर घेऊन बसला होता आणि घामाने भिजला होता.

"जुनी निघाली बघा," तो खुशीत म्हणाला. "घाईत घातली होती कुणीतरी. उद्यापासून नवीन चालू करू."

तिने त्याचे हात धुतले, त्याला जेवायला घातलं.

तिने पुन्हा घातली. शनिवार-रविवार एकटीनेच, कारण या वेळी लुमीर खुर्चीतून उठला नाही, गालिच्याच्या गुंडाळीला टेकून बाहेर पायरीवर बसून राहिला. तिने हत्यारं गॅरेजात कुलपात ठेवली. मंगळवारी तिच्या स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथणं वापरून त्याने पुन्हा उपटली. या वेळी हात चालले नाहीत. फळ्यांच्या जिभा तुटल्या, कडा फाटल्या, त्याची नखं रक्ताळली. बर्निस दारात रडत उभी होती.

"मी सांगत होते गं त्याला. माझं ऐकेना. म्हणाला, 'बाई, तुमचं काम उद्या पुरं करतो, आज मला कामात बोलू नका.'"

आर्लिसने त्या दिवशी ड्वेनला फोन केला. "ये," एवढंच म्हणाली.

तुटलेल्यांच्या जागी ड्वेनने आपल्याकडचं ओक आणलं, रंग जुळवून. लुमीरला बर्निसकडे बसवलं आणि ड्वेनने आपल्या माणसाला घेऊन सगळं नव्याने घातलं. खाली डिंक, वर खिळे, मग घासून पॉलिशचे तीन हात. पहारीनेही उचलणार नाही अशी घट्ट. काम झालं तेव्हा आर्लिस दारातच थांबली. एवढी सुंदर जमीन त्या गावात दुसरी नव्हती. ज्या घरासाठी ते लाकूड निवडलं होतं त्या घरात ते शेवटी बसलं होतं. आणि आपण पहिल्याच दिवशी याला हो म्हणालो असतो तर, असं तिच्या मनात आलं. मग बियांचं पाकीट घेऊन दोघं जमिनीवर बसले होते तो एक दिवस आठवला, आणि तोही नसता मिळाला, असंही आलं. हिशेब काही लागेना.

ड्वेन लुमीरला हाताला धरून घेऊन आला. लुमीर उंबऱ्यावर थांबला. बूट काढले. गुडघ्यांवर बसून तळवा फिरवला, डोळा जमिनीला लावून ओळी बघितल्या.

"कुणी केलं?"

"तुम्हीच, बॉस," ड्वेन म्हणाला.

लुमीरने मान हलवली. "झालंय बरं." मग उठला, कामासाठी गॅरेजातून बाहेर काढलेल्या हत्यारांत आपला हातोडा शोधला, कोन मापायचा गुण्या शोधला, दोन्ही बगलेत धरून दाराशी जाऊन उभा राहिला.

"बसा ना," आर्लिस म्हणाली.

"नाही, बाई. काम झालं. मला घरी सोडायला सांगा कुणाला तरी. बायको वाट बघत असेल."

"लुमीर, हेच घर आहे. मी आर्लिस."

तो भला माणूस होता. गिऱ्हाइकाशी त्याने कधी हुज्जत घातली नव्हती. नुसता हसला आणि दाराकडे बघत उभा राहिला.

पहिले काही दिवस आर्लिस त्याला गाडीत घालून गावाला चक्कर मारून परत आणायची. धान्याच्या कोठारावरून, स्मशानावरून, मागच्या रस्त्याने. आत आला की जमीन दिसायची आणि तो पुन्हा दाराशी उभा राहायचा. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचं नाही, पलंगावर निजायचं नाही, त्यांच्या ताटात जेवायचं नाही. बुटांनी ओरखडा पडेल म्हणून मोज्यांवर भिंतीच्या कडेकडेने चालायचा. आणि लघवी? दुसऱ्याच्या नव्या जमिनीवर तो करणार नाही, बाथरूम सापडणार नाही. पोट फुगून कळवळायचा.

आर्लिसला तेव्हा कळलं. तो घाणेरडा गालिचा, त्याचा तपकिरी रंग, त्याचा वाससुद्धा, एवढंच काय ते त्याच्याकडे घर म्हणून उरलं होतं. ते तिने आपल्या हातांनी गुंडाळून बाहेर टाकलं होतं. जमीन तिने स्वतः घातली काय आणि ड्वेनने घातली काय, सारखंच. एवढे दिवस ती जे ठरवत बसली होती, त्याने काही फरक पडणार नव्हता.

"आई, गालिचा ठेवला असतास तर तूच आजारी पडली असतीस," जनेल म्हणाली. "तुझी चूक नाही यात."

"चूक असती तर बरं झालं असतं," आर्लिस म्हणाली. "काहीतरी दुरुस्त करता आलं असतं."

मे महिन्यात एका पहाटे तो घर शोधायला निघाला. मक्याच्या नुकत्याच पेरलेल्या शेतात, मोज्यांवर, हातोडा धरून चालताना शेरीफच्या पोलिसाला सापडला. पाय रक्तबंबाळ झाले होते. त्याच आठवड्यात जनेल येऊन शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात त्याची सोय करून गेली. तिथे तो पहिल्या दिवशीच रमला. खोलीत जाडसर गालिचा होता, नर्सबाई म्हणाल्या, याने आल्या आल्या बूट काढून फेकले, पलंगावर आडवा झाला आणि विचारलं, "जेवायला काय आहे?" आर्लिसने ते ऐकून मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली. बराच वेळ तिला चावी लावता येईना.

आता ती रविवारी जाते. खसखशीच्या सारणाचे गोड पाव, कोलाचे, भाजून नेते, ते त्याला अजून आवडतात. तो दोन खातो, तिसरा रुमालात बांधून ठेवतो.

"हा कुणाला?" तिने एकदा विचारलं.

"बायकोला. तिच्या हातचे असेच होतात." मग गिऱ्हाइकाशी बोलावं तसं आपुलकीने तिला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच."

"घर मोठं आहे?"

"आहे."

लुमीरने अंगावरचा चुरा झटकला. "एकटीला मोठं घर कशाला?" तो म्हणाला. "विकून टाका."

आर्लिसने रिकामा डबा बंद केला आणि पिशवीत ठेवला.