गळ्यातला दवाखाना

डॉक्टरबाईंच्या नाकावर राग असायचा हे खरं, पण तो माणसांवर क्वचितच निघायचा. निघायचा तो वस्तूंवर. अडकणारा ड्रॉवर, पुसट उठणारा शिक्का, निम्मा फुगून धापा टाकणारा बीपीचा पट्टा, या सगळ्यांशी त्या दिवसभर भांडायच्या आणि पेशंटशी मात्र गोड बोलायच्या. गेल्या वर्षी या वस्तूंमध्ये एका नव्या वस्तूची भर पडली आणि तिनं बाकीच्यांना साधुसंत ठरवलं. बोटभर लांबीचा एक काळा पेनड्राइव्ह. त्यात बाईंचा अख्खा दवाखाना होता.

कल्पना जावयाची. बाईंचा दवाखाना दोन खोल्यांत चालायचा. सकाळी बाजारातल्या एका जिन्यावर, संध्याकाळी घराजवळ, लाँड्रीच्या मागच्या खोलीत. दोन्हीकडे एकेक म्हातारा कॉम्प्युटर, पण पेशंट तेच. ज्याला जिथे सोयीचं पडेल तिथे तो उगवायचा आणि त्याचा केसपेपर नेमका दुसऱ्या खोलीत असायचा. जावई एका विमा कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. त्यानं एका सुट्टीच्या दिवशी बसून पेनड्राइव्हवर लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा चढवली, त्यात पेशंटच्या नोंदी ठेवायचं फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं आणि तो सासूबाईंच्या हातात ठेवला.

"आई, आता कुठल्याही कॉम्प्युटरला हे लावा, तुमचा दवाखाना उघडेल. कॉम्प्युटर म्हणजे नुसतं भाड्याचं घर. सामान सगळं यात."

"आणि हेच हरवलं तर?"

"दर रविवारी मी कॉपी घेत जाईन की."

सासूला जावयापुढे फार बोलायची सोय नसते. बाईंनी पेनड्राइव्हला एक नाडी बांधली आणि तो स्टेथोस्कोपच्या जोडीला गळ्यात अडकवला.

तेव्हापासून रोज सकाळी एक युद्ध. कॉम्प्युटर चालू केला की लगेच वरच्या रांगेतलं एक बटण धडाधड दाबत राहायचं, म्हणजे तो पेनड्राइव्हवरून चालू व्हायचा. क्षणभर चुकलं की संपलं, मग तो स्वतःच्या पोटातलं जुनंपुराणं काहीतरी उघडायला जायचा आणि तिथेच गोल गोल फिरत बसायचा. बाहेर पेशंट खोकतायत, आत बाई बटण बडवतायत. पेनड्राइव्ह बसायची खाच सैल होती. तिथे औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून पाचर मारलेली. एकदा सिस्टरचा पदर लागून पाचर पडली आणि अर्धा तास लिहिलेलं सगळं पाण्यात गेलं. सिस्टर म्हणजे बाईंबरोबर पहिल्या दिवसापासून असलेली नर्स. तिनं त्या दिवशी चहासुद्धा मागितला नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ॲलर्जीसाठी वेगळा रकाना होता. जावयानं तो तीनतीनदा दाखवला. बाई म्हणाल्या, "माणूस एक, त्याची गोष्ट एक. तुकडे कशाला पाडू?" आणि त्या केसपेपरवर लिहायच्या तसंच सगळं एकाखाली एक लिहीत राहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

मग बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठवडाभर वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, दवाखाना नाही. संध्याकाळची खोली बंद ठेवली. सकाळी बसायला भाची आली. ती बाईंच्या बहिणीची मुलगी, नुकतीच डॉक्टर झालेली, हुशार आणि त्या बटणाच्या बाबतीत मावशीपेक्षा कितीतरी चपळ. पेनड्राइव्ह सिस्टरच्या गळ्यात गेला. बाई घरी काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या आणि फोनवरून उंटावरून शेळ्या हाकू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाचीनं फोनवर सकाळचे पेशंट सांगितले. दोन तापाचे, एक कान, एक शाळेचा दाखला.

"आणि ते खाली जिन्याशी बसतात ना, किल्लीवाले? त्यांचा खांदा परत धरलाय. दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या."

"कुठल्या?"

भाचीनं नाव सांगितलं. बाई पलंगावरून उठून वाकून चपला शोधू लागल्या. वाकायचं नाही हे त्या विसरल्या.

"अगं, त्याच गोळीनं ते सुजले होते. ओठ, पापण्या, सगळं. गेल्याच महिन्यात. मी लिहून ठेवलंय."

"मावशी, मी बघितलं. असं काही नाहीये त्यात. मी त्यांना विचारलंसुद्धा. म्हणाले, एका पांढऱ्या गोळीनं त्रास झाला होता खरा, पण नाव आठवत नाही."

"सगळ्या गोळ्या पांढऱ्याच असतात. आधी खाली धाव."

सिस्टर धावली. किल्लीवाले नेहमीच्या जागी, लोंबणाऱ्या किल्ल्यांच्या खाली बसले होते, पण कानस खाली ठेवलेली आणि हात गळ्याशी. एक गोळी जेवणानंतर घेऊन झाली होती. भाचीनं जिन्यातच इंजेक्शन दिलं आणि तशीच त्यांना रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. वेळेवर पोचले म्हणून वाचले, असं तिथल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. भाची तिथून तडक मावशीकडे आली.

"मावशी, खरंच नव्हतं लिहिलेलं," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "मी डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं."

"मी लिहिलंय," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मुलगी आणि जावई आले. जावयानं पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि किल्लीवाल्यांच्या गेल्या तीन महिन्यांतल्या नोंदी तारखेनं चाळून काढल्या. दोनच होत्या. दोन्ही सकाळच्या, दोन्ही खांद्याच्या. सुजेचा शब्द नाही. ॲलर्जीचा रकाना कोरा.

"रकाना तर कोराच असणार," बाई म्हणाल्या. "मी नोंदीत लिहिलं."

"त्या सुमारास नोंदच नाही आई. गर्दीत राहून गेलं असेल. होतं असं कधीकधी." जावई हे इतक्या हळू आवाजात बोलला की बाईंना त्यापेक्षा त्यानं ओरडायला हवं होतं.

"पाचर पडली असेल," सिस्टर म्हणाली. बाजू घ्यायला गेली बिचारी, पण बाईंना ती दया वाटली.

मग मुलगी शेजारी येऊन बसली. तिनं आईचा हात हातात घेतला. लहानपणी इंजेक्शनच्या आधी बाई तिचा हात असाच धरायच्या, म्हणून पुढे काय येणार ते त्यांना आधीच कळलं.

"आई, तू किती वर्षं राबतेयस. आता पुरे कर. परवा गॅस चालू राहिला होता. चष्मा तर रोजच सापडत नाही."

"चष्मा कॉलेजात असल्यापासून सापडत नाही."

"तेव्हा त्यानं कुणाचा जीव धोक्यात येत नव्हता."

साठी बुद्धी नाठी, असं कुणी म्हटलं नाही, पण खोलीत ते वाक्य येऊन खुर्ची ओढून बसलं होतं. आणि वैताग असा की बाईंना ती नोंद आठवत होती. अक्षरं आठवत होती. पण दोन वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचा आवाजही त्यांना रोज स्वयंपाकघरातून यायचा. तोही असाच स्पष्ट. माणसाला काय वाट्टेल ते आठवतं. त्या दिवशी डोळ्यात औषध घालताना त्यांचा हात थांबला, मघाशी घातलं की नाही तेच कळेना. झोपण्यापूर्वी त्यांनी मुलीला सांगून टाकलं, की नव्या महिन्यापासून दवाखाना बंद. भाचीला सकाळची खोली हवी तर तिनं घ्यावी.

मुलीनं सुस्कारा टाकला. तो सुटकेचा होता, आणि बाईंना तो ऐकू आला.

किल्लीवाले हॉस्पिटलातून सुटून परत जागेवर बसले तशा बाई काळा चष्मा लावून त्यांना भेटायला गेल्या. माफी मागायची होती. ती कुठल्या शब्दांत मागायची हे रिक्षात घोकलंही होतं. पण किल्लीवाल्यांनीच आधी हात जोडले.

"बाई, माझ्यामुळे सगळ्यांना ताप. तुम्ही नाव सांगितलं होतं त्या गोळीचं. दोनदा सांगितलं. पण डोक्यात राहिलंच नाही."

"अहो, आपल्या जिवाची गोष्ट, लक्षात ठेवायला नको?"

"तुम्ही लिहून घेतल्यावर मी कशाला ठेवू?"

बाईंनी चष्मा काढला. उन्हानं डोळ्याला लगेच पाणी सुटलं. "मी लिहिलं होतं?"

किल्लीवाल्यांना वाटलं बाई थट्टा करतायत. "म्हणजे काय. माझ्यासमोर लिहिलंत. लाँड्रीमागच्या खोलीत. मी असा सुजून बसलेलो, आणि तुम्ही त्या कॉम्प्युटरला बडवताय आणि शिव्या घालताय. मला तेवढ्यातही हसू येत होतं, पण ओठ हलेना."

"मग हे तुम्ही कुणाला बोललात का नाही?"

"मला कुणी विचारलंच नाही."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. खरंच कुणी विचारलं नव्हतं. जावयानं पेनड्राइव्हला विचारलं, मुलीनं गॅसच्या शेगडीला विचारलं, आणि त्यांनी स्वतः तर कुणालाच नाही. ज्याचा गळा सुजला तो माणूस सगळ्या चौकशीत कुठेच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासी आपल्या पायांनी फाशीपर्यंत चालत गेला होता.

माफी न मागताच त्या जिना चढल्या, त्यांनी सिस्टरच्या गळ्यातून नाडी काढून घेतली आणि त्या तडक लाँड्रीमागच्या खोलीवर गेल्या. भिंतीवरचं मेन स्विच लावलं. वीज वाचवायला सिस्टर ते रोज निघताना बंद करायची. बटण पहिल्याच दणक्यात लागलं, आयुष्यात पहिल्यांदा. आणि पडद्याच्या कोपऱ्यात तारीख उमटली. सोळा वर्षांपूर्वीची एक जानेवारी.

ती तारीख तिथे कित्येक महिने होती. बाईंनी ती शंभरदा बघितली होती आणि शंभरदा सोडून दिली होती. हातात घड्याळ आहे, भिंतीवर कॅलेंडर आहे, मग या डबड्याला किती वाजले हे कोण विचारतो? पण पेनड्राइव्हला दुसरं काही माहीतच नव्हतं. तो ज्या घरात उतरेल त्या घराचं घड्याळ खरं मानायचा. या खोलीत बाईंनी लिहिलेली प्रत्येक ओळ त्यानं इमानानं सोळा वर्षांपूर्वी नेऊन ठेवली होती.

त्यांनी किल्लीवाल्यांचं पान उघडलं. नव्या नोंदी वर, जुन्या खाली. आणखी जुन्या बघायला वेगळं बटण दाबावं लागायचं, ते त्यांनी कधी दाबलं नव्हतं, भाचीनंही नसणार. आता दाबलं. अगदी तळाशी, बाकी सगळ्यांच्या खाली, ठळक अक्षरांत पडलं होतं: गोळीचं नाव, ओठ आणि पापण्या सुजल्या, पुन्हा कधीही देऊ नये. खाली बाईंची आद्याक्षरं.

फोन केला तसे सगळे धावत आले. जावई पडद्याच्या कोपऱ्याकडे बघतच राहिला. मग कॉम्प्युटरचं झाकण उघडून त्यानं आतली शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी नखानं उचकटून हातावर घेतली. "ही संपलीय. वीज बंद झाली की घड्याळ परत शून्यावर. आई, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. एकही संध्याकाळ दिसत नाही, हे बघून तरी." तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. भाची नोंद वाचत उभी होती. मुलगी दाराशीच थांबली होती, आत येत नव्हती.

आता हायसं वाटेल असं बाईंना वाटलं होतं. वाटलं नाही. नुसता संताप उसळत होता, आणि या वेळी आपटायला ड्रॉवरही पुरला नसता. इतक्या महिन्यांच्या सगळ्या संध्याकाळी तळाशी बुडालेल्या. कुणाची साखर वाढली, कुणाचं औषध बदललं, सगळं. आणि त्यांना स्वतःला ते कधी कळलं नाही, कारण त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. पेशंट दारातून आत आला की त्यांना त्याचं सगळं आठवायचं.

"सगळ्या तारखा मी नीट करतो," जावई म्हणाला. "रात्र लागली तरी चालेल."

"आधी मी वाचणार. एकेक."

"तुझा डोळा, आई," मुलगी दारातून म्हणाली.

"दुसरा आहे."

भाची पुढे आली. "मावशी, सॉरी. तू रागावलीस ना आमच्यावर?"

बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"तुमच्यावर नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात लिहिलं नसेल, ठीक आहे. तुम्ही तिथे नव्हतात. मी होते. लिहिताना मी होते, आणि तरी मी तुमचं ऐकलं. मी दवाखाना बंद करायला निघाले होते." त्या सिस्टरकडे वळल्या. "सिस्टर, किल्लीवाल्यांच्या पुढचं पान कुणाचं आहे ते वाच. मोठ्यानं. आणि उद्यापासून पेशंट आला की आधी त्याला विचारायचं, मग या डबड्याला."