पाच सिटांची गाडी

मी सिंदेवाही सोडली त्या दिवशी शकीलभाऊच्या काळी-पिवळी जीपमध्ये सतरा माणसं होती. विमानात बसायचं होतं फक्त मला. नवरा, प्रमोद, चार महिने आधीच ओहायोत नोकरीवर रुजू झाला होता. बाकीचे सगळे मला नागपूरपर्यंत पोचवायला निघाले होते, आणि शेजारच्या एक बाई उमरेडला माहेरी जायचं म्हणून त्यात बसल्या होत्या. शकीलभाऊ आणि त्यांचं दार यांच्या मधल्या वीतभर जागेत माझा मामा बसला होता. गाडी दोघं मिळून चालवतायत असंच बाहेरून दिसत असणार. बाबा मागच्या पायरीवर, टपाच्या शिडीला धरून उभे. नागभीड गेलं, भिवापूर गेलं, तरी ते आत येईनात. "तू खिडकीपाशीच बस बाई, तुले गाडी लागते," एवढंच म्हणाले. उमरेडला त्या बाई उतरल्या तेव्हा कुठे बाबांना टेकायला मिळालं. हे १९९६ सालचं.

गावाकडच्यांना पुढचं सांगायला नको, पण माझ्यासारखे निघून आलेले आणि त्यांची मुलं वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्नाला किंवा कुणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला नुसती पत्रिका दिली म्हणून कुणी येत नाही. निघायच्या दिवशी सकाळी जीप दारापुढे थांबते, आतून कुणीतरी ओरडतं, "तुमची शीट धरली हाय जी, चाला," आणि मग ते खरं आमंत्रण. एखाद्याला न्यायचं नसेल तर त्यालाही रीत आहे. तोंडावर नाही म्हणायचं नाही. चेहरा पाडून सांगायचं, "का करता जी, गाडी भरली." ऐकणारा समजून जातो, कारण आमच्या भागात जीप भरली असं कधी कुणी पाहिलेलं नाही. मी ही रीत ऐकत, पाहत लहानाची मोठी झाले, हे आधीच कबूल करून ठेवते, म्हणजे पुढे मला सबब सांगता येणार नाही.

२००३ मध्ये आमचा अनिकेत चार वर्षांचा होता आणि मला जुळं होणार असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात आनंद झाला आणि लगेच गाडीची काळजी लागली. आमची गाडी जुनी, दोन दारांची, मागे जेमतेम दोन माणसं बसतील अशी. तिथे लेकराला मांडीवर घेऊन जाता येत नाही. प्रत्येकाला वेगळी खुर्ची लागते, ती गाडीच्या सीटला पट्ट्याने आवळून बांधावी लागते. दवाखान्यातली नर्स ती खुर्ची पाहिल्याशिवाय बाळ हातात देत नाही. मी तीन दिवसांची असताना आईने मला सायकलच्या दांडीवर बसून घरी आणलं होतं. आई दांडीवर, मी तिच्या पदरात, हँडल बाबांच्या हातात. नर्सला हे सांगावंसं फार वाटलं, पण सांगितलं नाही.

मग प्रत्येक शनिवारी आम्ही जुन्या गाड्या पाहत हिंडायचो. सोबत एका मित्राकडून मागून आणलेल्या तीन खुर्च्या आणि शिवणकामाची टेप. विकणारा म्हणायचा, बसतात की तीन. मी टेप काढली की त्याचं तोंड उतरायचं. तीन खुर्च्या शेजारीशेजारी लावल्या की मधल्या पट्ट्याचं बक्कल खाली गाडलं जायचं, नाहीतर दार लागायचं नाही. तान्ह्या बाळाची खुर्ची उलट्या तोंडाची असते, ती बसवायची तर पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागायची की प्रमोदचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे. अपघातात कुठली गाडी कशी चेपते ते मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचून काढायचे. खालचा पत्रा सडलाय का, आधी ठोकलेली आहे का, ब्रेक कधी बदलले, हे सगळं मला विचारता यायला लागलं. प्रमोद म्हणायचा, तू आता गॅरेजच टाक.

मी एका वहीत यादी केली होती. गाडीत काय काय हवं त्याची. पहिल्याच ओळीत माझ्या अक्षरात लिहिलं होतं, सात सिटा. कारण आई-बाबा येणार होते. जुळ्याचं ऐकल्यावर मीच फोनवर म्हटलं होतं, या तुम्ही दोघं, सहा महिने राहा. बाबा त्याच वर्षी भाताच्या संशोधन केंद्रातून मुकादम म्हणून निवृत्त व्हायचे होते. त्यांनी दोघांचे पासपोर्ट काढले. नागपूरला सीताबर्डीत जाऊन जाड स्वेटर घेतला आणि मे महिन्यात घालून पाहिला, असं आई हसून सांगत होती.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक व्हॅन, सात सिटांची, बरीच चाललेली, बाजूला एअरबॅग नाहीत. दुसरी स्टेशन वॅगन, पाच सिटांची, एकाच म्हातारीने वापरलेली, प्रत्येक दुरुस्तीची पावती जपून ठेवलेली, एअरबॅग चहूबाजूंनी. अरुंद जातीच्या खुर्च्या घेतल्या तर तिच्यात मागे तीन बसत होत्या. किंमत दोन्हींची आम्हाला झेपणारी. मेकॅनिक म्हणाला, वॅगन जास्त सुरक्षित आहे, पण व्हॅनही वाईट नाही, ब्रेकचं काम करून घ्या आणि खुशाल चालवा. मी एक दिवस विचार केला आणि वॅगन घेतली. सगळ्यांना सांगितलं, मुलांच्या जिवापुढे काय. ते खोटं नव्हतं.

पण पूर्ण खरंही नव्हतं. आमचं घर दोन खोल्यांचं होतं. बाबा तिथे सहा महिने काय करतील, हा विचार मला गाडी शोधताना सारखा यायचा. बाबांना दिवसाला सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या चार पुड्या लागायच्या. ते बनियनवर खाली पायऱ्यांवर बसतील, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करतील, कुठेतरी थुंकतील, माझ्या ऑफिसातलं कुणी पाहील. ज्या माणसाने चिखलात उभं राहून मला शिकवलं, त्याची मला लोकांपुढे लाज वाटत होती. हे मी प्रमोदलाही कधी सांगितलं नाही. तो एकदा म्हणाला होता, तुझे आई-बाबा आले की कसं करायचं? मी म्हटलं, बघू, तेव्हाचं तेव्हा. आणि यादीतली पहिली ओळ खोडली.

गाडी घेतल्याचं सांगायला मी फोन केला. बाबांनी रंग विचारला नाही, किंमत विचारली नाही.

"किती शिटा हायेत?"

"पाच, बाबा."

पलीकडे ते मोजत असावेत. "मंग तुमीच पाच होता," ते म्हणाले आणि हसले. "काई नाई, आमी दोघं मांगं डिक्कीत बसून जाऊ. आमाले का होते?"

तेव्हा मी हसून म्हणू शकले असते, या तर खरं, बघते मी. त्याऐवजी मला पाठ झालेलं सगळं मी सांगत बसले. पट्ट्याशिवाय बसता येत नाही, पोलीस धरतात, इतके इतके डॉलर दंड होतो. आणि शेवटी, कुणी ढकलल्यासारखे ते शब्द माझ्या तोंडून निघाले, "का करता बाबा, गाडी भरली."

पलीकडून रस्त्यावरच्या एखाद्या जीपचा हॉर्न ऐकू आला. मग बाबा म्हणाले, "बरं केलंस. लेकरं पक्की बसली पायजेत." धानाची रोवणी कशी चालू आहे ते सांगितलं, पाऊस कमी आहे म्हणाले, जय भीम घातला आणि फोन आईला दिला.

व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जायचं होतं, ते गेले नाहीत. आधी म्हणाले, धान घरात येऊ दे. मग आईचे गुडघे. मग, पुढच्या वर्षी पाहू. मी दर वेळी म्हणायचे, अरे, असं कसं, आणि दर वेळी फोन ठेवल्यावर मला मोकळं वाटायचं. मैत्री आणि करुणा झाल्या, त्या अरुंद खुर्च्यांत बसून घरी आल्या, रांगल्या, चालायला लागल्या. आजीआजोबांनी त्या पाहिल्या त्या फोटोत. पाच वर्षं अशीच गेली. मधे बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय गेला. मी तेव्हाही लगेच गेले नाही, मुलांच्या सुट्टीची वाट पाहिली.

२००८ च्या डिसेंबरात आम्ही सगळे सिंदेवाहीला गेलो. बाबा ओसरीवर खाटेवर बसलेले, उशाला काठी. मुली त्यांना आधी बुजल्या, मग त्यांच्या न हलणाऱ्या पायाला बोटांनी गुदगुल्या करू लागल्या आणि बाबा उगाच ओरडू लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रमोद मुलांना घेऊन तळ्यावर गेला. आई तांदूळ निवडत बसली होती. मी बाबांच्या पायाशी बसले आणि पाच वर्षं घोकून ठेवलेलं बोलून टाकलं.

म्हटलं, बाबा, त्या वेळी माझ्या बोलण्याचा तुम्ही आपल्याकडचा अर्थ घेतला. तिथे गाडी खरंच भरते. तिथला कायदाच तसा आहे. मी काही तुम्हाला येऊ नका म्हणाले नव्हते.

असं बोलूनही मी स्वतःला थोडं वाचवतच होते, हे मला बोलताना कळत होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आजारानंतर त्यांचं बोलणं सावकाश झालं होतं.

"मले मालूम होतं बाई. केंद्रातल्या साहेबांची पोरगी हाय ना तुमच्या तिकडं. त्याहीनं सांगतलं होतं, लेकराईची वेगळी खुर्ची रायते, मांडीवर चालत नाई. मायबाप आले का मोठी गाडी भाड्यानं भेटते, हेबी सांगतलं."

मी विचारलं, "मंग तुम्ही काऊन नाई आले?"

"मी फोन धरून उभा होतो," बाबा म्हणाले. "म्हनलं, आता म्हनंल, तरी या."

आईचे हात सुपात थांबले होते. बाबांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. रोवणीला किती बाया लागल्या ते सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं आणि मुली अजून कशा आल्या नाहीत म्हणून रस्त्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, आता चला, मी घेऊन जाते. त्यांनी नुसता हात हलवला. आता त्यांना मुंबईपर्यंतचाही प्रवास झेपणार नव्हता, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हालाही कुणीतरी विचारत असेलच, तुमचं घर कुठलं. मी अजून सिंदेवाही सांगते. तिथे मी कधीही जाऊ शकते, कुणी ये म्हणायची वाट पाहावी लागत नाही. ओहायोतल्या घराचं कर्ज आम्ही फेडतो, मुलं त्यालाच घर म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण तिथल्या आमच्या घरी यायला माझे बाबा फोन धरून दोन शब्दांची वाट पाहत उभे राहिले, आणि मी त्यांना दंडाची रक्कम सांगितली.