पाळीखालचं पाणी

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी एम.टेक. करून परत आले तेव्हा गोंदियात कॉलेजला असताना जिथे राहायचे तिथल्या घरमालकीणबाईंनी विचारलं, "बेटी, मिट्टी में दो साल क्या पढ़ी?" मला राग आला. काचेच्या टाकीत रेती भरून पाणी तिच्यातून कशी वाट काढतं ते बघत बसायचं, त्या वाटा पेन्सिलीने कागदावर काढायच्या, सरांनी खोडायला लावल्या की पुन्हा काढायच्या. हे कोणाला काय सांगणार? शेतकऱ्याची पोर माती शिकायला शहरात गेली, याचं सडक अर्जुनीकडच्या आमच्या गावाला हसूच यायचं. बाबूजी हसत नव्हते, पण माझ्या बाजूने बोलतही नव्हते.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी गावचा जुना, जमीनदारांच्या काळात बांधलेला मालगुजारी तलाव तुडुंब भरला होता. त्याच्या पाळीला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला, लागूनच आमच्या बांध्या, भाताची खाचरं; त्यांत धान लोंबीवर आलेलं. एका सकाळी पाळीच्या पायथ्याशी जमिनीतून पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येताना दिसलं. तलावाचं पाणी वाटून देण्याचं काम माझ्या चुलतकाकांकडे. ते माणसं घेऊन आले, भोकावर चिकण माती टाकली, पायांनी तुडवली. झरा थांबला. सगळे बिड्या पेटवून बसले. तेवढ्यात थोड्या अंतरावर दुसरा झरा फुटला, पहिल्याहून जोराचा. माणसं पुन्हा माती आणायला निघाली.

मी ते पाणी बाटलीत भरून ठेवलं. थोड्या वेळाने तळाशी गाळाचा थर बसला. पाणी पाळीच्या आतली माती घेऊन बाहेर येत होतं. आत पोकळी वाढत होती. एक तोंड दाबलं की ते दुसरीकडून तेच करणार होतं.

"बुजवू नका," मी म्हणाले. "पाणी जाऊ द्या, फक्त माती अडवा. आधी रेती टाका, तिच्यावर बारीक गिट्टी, मग मोठी, मग वजनाला दगड."

काका भडकले. "भोक बुजवाचं सोडून पाणी सोडून राहिली का वो? दोन वर्षं हेच शिकली?"

"हो, हेच शिकली!" मीही ओरडले.

सगळे बाबूजींकडे बघायला लागले. पाळ फुटली तर पहिल्यांदा त्यांचंच धान वाहून जाणार होतं, मग ती काकांच्या मातीने फुटो की माझ्या रेतीने. ते बाटली हातात घेऊन उभे राहिले.

"पोरी, तुले पक्कं मालूम हाये ना?"

मी हो म्हणाले. पक्कं होतं ते काचेच्या टाकीतलं. खऱ्या पाळीवर हे करताना मी कोणाला बघितलंही नव्हतं.

अंगणात नव्या खोलीसाठी रेती-गिट्टी पडली होती. बाबूजींनी ट्रॅक्टर काढला. खोली त्या वर्षी झाली नाही.

संध्याकाळपर्यंत थर चढले. पाणी दगडांतून वाहतच होतं. "वाहूनच राहिलं," असं म्हणत काका घरी गेले. सकाळी मी बाटली भरली, पाळीवरच ठेवली. तळाशी काहीच बसलं नाही. बाबूजींनी ती उन्हात धरून फिरवून बघितली आणि बांधीकडे निघून गेले. पुढे धान कापून घरी आलं.

मला नोकरी लागली, लांब. त्या दिवसाबद्दल बाबूजींनी मला कधी शाबासकी दिली नाही, याचं मला वाईट वाटायचं. पण दरवर्षी तलाव भरला की त्यांचा फोन यायचा. "बाटली भरून पाह्यली. साफ हाये." जेवलीस का, हे त्यानंतर.

मग एका पावसाळ्यात त्यांचे गुडघे फारच धरले. तलाव भरल्याचं ऐकलं, फोन काही येईना. आला तो काकांचा.

"तुह्या बाबूजीनं मले बाटली देऊन धाडलं होतं पाळीवर," ते म्हणाले. "साफ हाये वो पोरी."