चार हिश्श्यांवर काढलेली बॅटरी

किशनमामा ऑटो सुरू करण्याआधी मागच्या सीटपाशी वाकून नाक लावायचे. दोनदा हुंगायचे आणि मग म्हणायचे, "बसा अक्का, गॅसचा वास नाही." मला नेमका तेव्हाच उशीर झालेला असायचा, अस्सा राग यायचा! "काटा खोटं बोलंल, नाक नाही बोलत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मामा मूळचे भालकीकडचे. विद्यानगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा अड्डा होता, आणि कैक वर्षं ते गॅसवर ऑटो चालवत होते. शेजारी सत्तारभाई उभे असायचे, पेट्रोलचे कट्टर. दोघांची रोज जुंपायची. "तेरी गॅस चढाव पे रोती रे, किशन." "रडू द्या की! माझ्या ऑटोत माणसं खोकत नाहीत." मामांचा एक नेम होता, टाकी गच्च भरायची नाही. "पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचा, अक्का. उन्हात गॅस फुगते. जागा दिली नाही तर फाडून बाहेर येते."

बॅटरीची ऑटो घ्या म्हणून त्यांच्या मागे मीच लागले होते. आईला दमा, सिग्नलला थांबलं की ऑटोच्या धुरानंही तिचा जीव अर्धा व्हायचा. मामा वर्षभर "नक्को" म्हणत राहिले. "गॅस संपली तर सीटखाली थोडं पेट्रोल असतं. बॅटरी संपली तर काय, फुंकर मारू?" शेवटी घेतली, पण माझी बडबड ऐकून नव्हे. "तुमची माय खोकली की मला हँडल धरवत नाही," म्हणाले.

त्या संध्याकाळी आईला जोराची धाप लागली. पंप मारून उपयोग होईना, ओठ निळे पडायला लागले. मामा दिवसभर सिकंदराबाद स्टेशनच्या फेऱ्या मारून नुकतेच आले होते. आईला आत बसवलं, तर हे सवयीनं हुंगायला वाकले! "अहो, बॅटरीला कसला वास? चला!" मी किंचाळलेच.

बर्कतपुऱ्याला पडद्यावर बॅटरी नऊ टक्के दिसली. मामांनी पंखा, रेडिओ, होतं नव्हतं ते बंद केलं. सात. गर्दी हलेना. आईची मान माझ्या खांद्यावर कलंडली. पाच. मामांनी एका हातानं फोन लावला, "सत्तारभाई, काचीगुड्याला या. माय आहे गाडीत." काचीगुड्याच्या अलीकडे ऑटो थांबली, आणि मामांचा हात सीटखालच्या पेट्रोलसाठी गेला. तिथे काहीच नव्हतं. मी हात करत होते, पण एकही गाडी थांबेना.

"सकाळी पुरी भरली नव्हती?"

"चार हिश्श्यांवरच चार्जिंगवरून काढली, अक्का." मामांनी सीटखालून हात काढून घेतला. "सवयीनं जागा ठेवली."

"बॅटरी फुगते का हो? मारलंत तुम्ही माझ्या आईला!"

भर रस्त्यात मी हे ओरडले. मामा खाली मान घालून ऑटो एकट्यानं ढकलायला लागले.

तेवढ्यात मागून सत्तारभाई आले. "हँडल पकड, किशन. पीछे मत देख." त्यांनी एक पाय आमच्या ऑटोच्या मागच्या बाजूला लावला आणि आपल्या पेट्रोलच्या ऑटोनं आम्हाला कोठीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत ढकलत नेलं. त्यांचा धूर आत येत होता आणि मी ओढणीनं आईचं तोंड झाकून बसले होते.

आई वाचली. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा मी मुद्दाम टॅक्सी बोलावली होती. आई माझ्याकडे न बघता फाटकाशी उभ्या असलेल्या मामांच्या ऑटोत जाऊन बसली. मग मीही मुकाट्यानं चढले. मामा हुंगले नाहीत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, "बघा अक्का. शंभर." मी "हो" म्हणेपर्यंत त्यांनी हँडलला हात लावला नाही.

पुढे दर खेपेला तेच. बसलं की पडदा दाखवायचे आणि माझ्या "हो"ची वाट बघायचे. "चुकले मामा, बोलायला नको होतं," असं अगदी ओठांवर यायचं, पण तोंडातून फक्त "हो" निघायचं. गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. आदल्याच दिवशी त्यांनी मला कोठीला सोडलं होतं, आणि तेव्हाही मी पडद्याकडे बघून "हो" म्हटलं होतं.